ग्रीन कार्डचे कागद गावाकडच्या कपाटातून निघतात

वकिलाच्या ऑफिसातून मेल आला तेव्हा मी न्यू जर्सीतल्या घरी रात्रीच्या पोळ्या करत होते. तुमची प्रायॉरिटी डेट करंट झाली आहे, सोबतच्या यादीतले कागद दोन आठवड्यांत पाठवा, एवढाच मजकूर. म्हणजे ग्रीन कार्डच्या रांगेत माझा नंबर आला होता. यादीत पहिलंच नाव जन्मदाखल्याचं. माझ्याकडे शाळा सोडल्याचा दाखला होता, दहावीचं प्रमाणपत्र होतं, पासपोर्ट होता. जन्मदाखला मात्र आयुष्यात कुणी मागितलाच नव्हता. २६ जानेवारी १९८९ च्या आधी जन्मलेल्यांना पासपोर्ट काढतानाही त्याची सक्ती नव्हती, आणि मी त्याआधीची.

भाऊ वडिलांच्या गावी ग्रामपंचायतीत तीनदा जाऊन आला. तिथल्या माणसाने जुनी रजिस्टरं काढून दिली, भावाने माझ्या जन्मवर्षाच्या मागचं-पुढचं वर्षही चाळलं. नोंद नाही. शेवटी मावशीला फोन केला तर ती म्हणाली, “अगं, तू ताईची पहिली. पहिलं बाळंतपण माहेरी असतं हे विसरलात का तुम्ही सगळे? तुझी नोंद इथं आमच्या गावात असणार.” आणि खरंच तिथे होती. जन्मतारीख, ‘स्त्री’, वडिलांचं नाव, आईचं नाव, वडिलांचं गाव. फक्त बाळाच्या नावाचा रकाना कोरा, कारण नोंद झाली तेव्हा बारसं व्हायचं होतं.

त्या दोन आठवड्यांत जे शिकले ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहिते आहे. अमेरिकेत नोकरीच्या आधारावर ग्रीन कार्ड मिळवायचं तर फॉर्म वकील भरतो, फी बरीचशी कंपनी भरते. तुमच्या वाट्याला येतं ते कागद गोळा करणं. हे कागद भारतात असतात, जुने असतात, आणि त्यांच्यावर सही करू शकणारी माणसंही दरवर्षी म्हातारी होत असतात. त्यामुळे डेट करंट होण्याची वाट न बघता हे काम पहिल्या वर्षीच सुरू करायचं.

कोणता कागद कुठल्या टप्प्याचा

प्रकरणाचे तीन टप्पे. पहिला पर्म. इथे कंपनी अमेरिकेच्या कामगार खात्याला दाखवून देते की या जागेसाठी आम्ही रीतसर जाहिरात दिली, रविवारच्या वर्तमानपत्रात दोनदा दिली, राज्याच्या रोजगार केंद्रात ३० दिवस जागा जाहीर केली, तरी पात्र आणि तयार असा अमेरिकन माणूस मिळाला नाही. पर्मचा खर्च कायद्याने कंपनीनेच करायचा असतो, तो तुमच्या पगारातून वळता करता येत नाही. दुसरा टप्पा आय-१४०. पर्म मंजूर झाल्यापासून १८० दिवसांच्या आत कंपनी हा अर्ज इमिग्रेशन खात्याकडे भरते आणि दोन गोष्टी सिद्ध करते: आम्ही हा पगार देऊ शकतो, आणि या माणसाकडे पर्ममध्ये लिहिलेलं शिक्षण व अनुभव खरोखर आहे. तिसरा टप्पा आय-४८५, म्हणजे तुमचा स्वतःचा अर्ज. नवरा किंवा बायको आणि मुलं यांचा प्रत्येकाचा वेगळा.

पर्म ज्या दिवशी दाखल होतं ती तुमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेतला तुमचा नंबर. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं दिली जातात, त्यात नवरा-बायको-मुलंही मोजली जातात, आणि एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांची मर्यादा आहे. भारतात जन्मलेल्यांची रांग त्यामुळे तुंबली आहे. २०२५ च्या अखेरीस ईबी-२ आणि ईबी-३ या आपल्या लोकांच्या नेहमीच्या दोन गटांत अजून २०१३ सालच्या तारखा चालू होत्या. दर महिन्याला परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं, त्यात रांग कुठवर आली ते कळतं.

रांग एवढी लांब असल्याने एक चमत्कारिक परिस्थिती तयार होते. आय-१४० चे कागद घाईघाईत जमवले जातात, मग दहा-बारा वर्षं सामसूम, आणि एक दिवस अचानक आय-४८५ साठी पुन्हा धावपळ. मधल्या काळात नोकऱ्या बदलतात, घरं बदलतात, आई-वडील जातात. माझी आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.

पर्म आणि आय-१४० हे कंपनीचे अर्ज आहेत, तुमचे नाहीत. वकील बहुधा कंपनीने नेमलेला असतो आणि काही कंपन्या कर्मचाऱ्याला प्रत देत नाहीत. तरी आय-१४० मंजुरीच्या नोटिशीची प्रत मागा. नाहीच मिळाली तर निदान पावती क्रमांक आणि प्रायॉरिटी डेट लिहून घ्या. मंजुरीला १८० दिवस उलटल्यावर कंपनीने अर्ज मागे घेतला तरी सहसा तुमची प्रायॉरिटी डेट जात नाही आणि सहा वर्षांपुढे एच-१बी, म्हणजे नोकरीचा तात्पुरता व्हिसा, वाढवण्यासाठी तीच मंजुरी कामी येते. नव्या कंपनीच्या वकिलाला हा पुरावा लागतो. कंपनी बुडाली, दाद देईनाशी झाली, तर माहितीच्या हक्काखाली इमिग्रेशन खात्याकडे स्वतः अर्ज करून आपल्या फाइलची प्रत मागवता येते. वेळ लागतो, पण येते.

एक्स्पिरियन्स लेटर

आय-१४० मध्ये सगळ्यात जास्त प्रकरणं इथे अडकताना मी पाहिली आहेत. भारतातल्या कंपनीच्या एचआरकडून मिळणारं पत्र ठरलेल्या साच्याचं असतं: अमुक यांनी या तारखेपासून या तारखेपर्यंत आमच्याकडे सॉफ्टवेअर इंजिनियर या पदावर काम केले, त्यांची वर्तणूक चांगली होती, त्यांना पुढील वाटचालीस शुभेच्छा. इमिग्रेशन खात्याच्या दृष्टीने या पत्रात तारखा सोडल्या तर काहीच नाही. नियमात स्पष्ट आहे की पत्र देणाऱ्याचं नाव, पत्ता, हुद्दा हवा आणि तुम्ही प्रत्यक्ष काय काम करत होता त्याचं वर्णन हवं.

पर्ममध्ये कंपनीने ‘जावा आणि ओरॅकलमधला दोन वर्षांचा अनुभव’ असं लिहिलं असेल तर पत्रात हे शब्द आले पाहिजेत, आणि नुसते शब्द नकोत, काम दिसलं पाहिजे. ‘डेटाबेसचे काम केले’ यापेक्षा ‘एका सहकारी बँकेच्या कर्जखात्यांसाठी ओरॅकलवर व्याज आकारणीच्या प्रोसिजर लिहिल्या, महिनाअखेरीचे अहवाल जावात तयार केले, तीन जणांच्या गटाचे काम तपासले’ हे पत्र कितीतरी दमदार. नोकरी पूर्ण वेळ होती हेही लिहून घ्या. रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख दिवस-महिना-वर्ष अशी पूर्ण हवी. ‘जून २००७ ते २००९’ असं लिहिलं की दोन वर्षं भरतात की नाही यावर प्रश्न निघतो.

एचआर साच्याबाहेर जायला तयार होत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. मग एचआरचं ते कोरडं पत्र ठेवायचंच, आणि जोडीला त्या काळच्या मॅनेजरचं किंवा शेजारी बसून काम केलेल्या सहकाऱ्याचं सविस्तर पत्र घ्यायचं. त्याने आपण कोण, त्या कंपनीत कधीपासून कधीपर्यंत होतो, याचं काम आपल्याला कसं ठाऊक, हे लिहायचं. सोबत पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक, ऑफर लेटर, बढतीचं पत्र. कंपनी बंद पडली असेल तर हाच मार्ग उरतो, आणि तो नियमात बसतो.

मसुदा तुम्ही करून दिला तरी चालतं, लोक तसंच करतात. पण सही करणाऱ्याने तो वाचलेला हवा आणि त्यातला शब्द न् शब्द खरा हवा. अनुभव फुगवून लिहिण्याचा मोह होतो, हैदराबाद-पुण्याकडे पैसे घेऊन अशी पत्रं ‘करून देणारे’ही भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. खोटी माहिती देऊन लाभ मिळवायचा प्रयत्न केला असं ठरलं तर अमेरिकेत येण्यावर आयुष्यभराची बंदी येऊ शकते, आणि ते दहा वर्षांनी, आय-४८५ च्या वेळीही उघडकीला येऊ शकतं.

दोन गोष्टी इथेच सांगते. पर्मच्या तारखेपर्यंत जे शिक्षण आणि अनुभव तुमच्याकडे होता तोच धरला जातो, नंतर मिळवलेली पदवी त्या अर्जाला लागू होत नाही. आणि जी कंपनी पर्म भरते आहे तिच्याकडेच मिळवलेला अनुभव साधारणपणे मोजला जात नाही. त्यामुळे आधीच्या नोकरीचं पत्र ती नोकरी सोडतानाच घ्यायचं. शेवटच्या दिवशी लॅपटॉप परत करताना मॅनेजर समोर असतो, त्याला तुमचं काम आठवत असतं. पाच वर्षांनी लिंक्डइनवर त्याला शोधत बसणं फार वेगळं.

पदवी

इंजिनियरिंगची चार वर्षांची पदवी असेल तर बहुतेक वेळा प्रश्न येत नाही. बीएस्सी, बीकॉम अशी तीन वर्षांची पदवी एकटी असेल तर ती अमेरिकेच्या चार वर्षांच्या बॅचलर्सच्या बरोबरीची धरली जात नाही, आणि दोन वेगवेगळ्या अभ्यासक्रमांची बेरीज करून ती बरोबरी दाखवणं ईबी-२ मध्ये अवघड जातं. पर्मचा मसुदा होण्याच्या आधीच मूल्यांकन करून घ्यावं आणि वकिलाशी स्पष्ट बोलावं. कोणत्या गटात अर्ज जाणार हे त्यावरच ठरतं, कारण ईबी-२ ला मास्टर्स लागतं किंवा बॅचलर्स आणि त्यानंतरचा चढत्या जबाबदारीचा पाच वर्षांचा अनुभव.

कागद म्हणाल तर प्रत्येक सेमिस्टरची मार्कशीट आणि पदवी प्रमाणपत्र, दोन्ही. कॉन्व्होकेशनला गेलो नाही म्हणून पदवी प्रमाणपत्र कधी आणलंच नाही असे कितीतरी जण आहेत. ते आत्ता मागवा. पाच वर्षांचा अनुभव कोणत्या दिवसापासून मोजायचा यावर वाद निघतो तेव्हा प्रोव्हिजनल प्रमाणपत्राची तारीख कामी येते, म्हणून तेही फेकू नका. विद्यापीठाचं नाव बदललं असेल तर वकिलाला आधी सांगा. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठाचं १९९४ मध्ये नामांतर झालं, पुणे विद्यापीठाचं २०१४ मध्ये. जुन्या मार्कशीटवर एक नाव आणि नंतर काढलेल्या ट्रान्स्क्रिप्टवर दुसरं आलं की अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला ती दोन विद्यापीठं वाटू शकतात.

जन्मदाखला

आता परत त्या कोऱ्या रकान्याकडे.

आय-४८५ ला जन्मदाखला लागतो तो फक्त वय दाखवायला नाही. रांग ठरते ती नागरिकत्वावरून नाही, जन्मदेशावरून. तुमचा जन्म पुण्याचा आणि नवऱ्याचा कुवेतचा असेल, कारण त्याचे वडील तेव्हा तिथे नोकरीला होते, तर दोघांनाही कुवेतच्या रांगेत उभं राहता येतं आणि दहा-बारा वर्षांची वाट वाचते. आखातात जन्मलेली मराठी मुलं कमी नाहीत, आणि कित्येकांना हे ठाऊक नसतं. तेव्हा नवरा-बायको दोघांचेही जन्मदाखले आधी काढा आणि वकिलाला दाखवा.

दाखल्यावर तुमचं नाव, जन्मतारीख, जन्माचं गाव आणि आई-वडील दोघांचीही नावं हवीत. आपल्याकडे १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा आहे. तो सांगतो की नोंद जिथे जन्म झाला तिथे होते. वडील कुठे राहत होते याला महत्त्व नाही. पहिलटकरीण माहेरी जाते, म्हणून मराठी घरातल्या थोरल्या मुलांची नोंद आजोळी शोधायची. दवाखाना तालुक्याला असेल तर नोंद तालुक्याच्या नगरपालिकेत असणार, गावात नाही. आमच्या घरी हे कुणाच्या डोक्यात आलं नाही आणि भावाचे तीन शनिवार गेले.

नाव कोरं असेल तर काय? कायद्याप्रमाणे मुलाचं नाव पहिल्या वर्षात विनाशुल्क आणि त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून नोंदवता येतं. त्यापुढच्या लोकांसाठी सरकारने मुदतवाढ दिलेली आहे का, हे ज्या कार्यालयात नोंद आहे तिथेच विचारायचं. माझ्याकडे तेवढा वेळ नव्हता. मी नाव नसलेला दाखला तसाच लावला आणि सोबत शाळा सोडल्याचा दाखला, दहावीचं प्रमाणपत्र आणि दोन प्रतिज्ञापत्रं जोडली, एक मावशीचं, एक मोठ्या मामाचं.

नोंदच सापडली नाही तर त्या कार्यालयाकडून ‘अशी नोंद आढळून येत नाही’ असा अनुपलब्धतेचा दाखला सही-शिक्क्यानिशी घ्यायचा. त्याशिवाय नुसती प्रतिज्ञापत्रं दिली तर आरएफई, म्हणजे आणखी पुरावा मागणारी नोटीस, येण्याची शक्यता जास्त. क्रम असा असतो: मूळ दाखला, तो नाही याचा पुरावा, मग शाळा-दवाखान्याचे त्या काळचे कागद, आणि मग निदान दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं. घाईघाईने उशिरा नोंद करून आज नवा दाखला काढला तरी त्यावर नोंदणीची आजची तारीख असते. जन्मानंतर वर्षाहून जास्त उशिरा नोंदवलेला दाखला असला की अमेरिकेत त्याच्या जोडीला जुने कागद मागतात. शिवाय २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा उशिराच्या नोंदीसाठी जिल्हाधिकारी, प्रांत किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. हे आठवड्याभरात होणारं काम नाही.

प्रतिज्ञापत्रात काय हवं ते मावशीच्या उदाहरणावरून सांगते. आमच्या नेहमीच्या नोटरीने पहिला मसुदा केला तो ‘मी खालील सही करणार सत्य प्रतिज्ञेवर लिहून देते की सदर इसम माझी भाची असून तिचा जन्म अमुक तारखेस झाला’ एवढाच. वकिलाने तो परत पाठवला. मावशीला हे कसं माहीत, हे त्यात नव्हतं. मग तिने फोनवर सगळं सांगितलं. ती तेव्हा एकोणीस वर्षांची होती, अजून लग्न व्हायचं होतं. रात्री दीड वाजता सुईणीला आणायला मामाला सायकलवरून पाठवलं, पाणी तिने तापवलं, आणि मला पहिल्यांदा हातात तिने घेतलं. नवा मसुदा असा झाला: मावशीचं पूर्ण नाव, पत्ता, तिची स्वतःची जन्मतारीख आणि जन्मगाव, माझ्याशी नातं, माझं पूर्ण नाव, जन्माची तारीख आणि ठिकाण, माझ्या आई-वडिलांची पूर्ण नावं, आणि शेवटी ती त्या वेळी घरात हजर होती हे दोन वाक्यांत. स्टॅम्प पेपर कितीचा यात अमेरिकेतल्या अधिकाऱ्याला रस नसतो. सांगणाऱ्याला घटना स्वतः ठाऊक आहे का, एवढंच तो बघतो. आई-वडील हयात असतील तर प्रतिज्ञापत्रं त्यांचीच घ्या आणि आजच घ्या. वयाने आपल्याहून लहान किंवा चार-पाच वर्षांनीच मोठ्या भावंडाचं प्रतिज्ञापत्र उपयोगाचं नाही, त्याला जन्म आठवणार कसा?

१ जूनचीही एक गोष्ट आहे. महाराष्ट्रात एका पिढीतल्या कितीतरी लोकांचा वाढदिवस १ जून असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी वय बसवून ती तारीख लिहिली. दहावीच्या प्रमाणपत्रावर तीच गेली, पासपोर्टवर तीच. आता ग्रामपंचायतीतली खरी नोंद निघते तर ती भाद्रपदातली, सप्टेंबरची. असा दाखला लपवू नका आणि गपचूप वेगळा ‘करून’ही घेऊ नका. दोन्ही कागद वकिलापुढे ठेवा. तारखेत फरक का पडला याचं सरळ निवेदन, आई-वडिलांचं प्रतिज्ञापत्र आणि शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा दिला की प्रश्न सोडवायला आधार मिळतो.

दाखला मराठीत असेल तर पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने लिहून द्यायचं की मला दोन्ही भाषा येतात आणि हे भाषांतर पूर्ण व अचूक आहे. नोटरीची सक्ती नाही. कुणीही जाणकार मराठी माणूस करू शकतो, फक्त अर्जदाराने स्वतःच्या कागदांचं स्वतः करू नये हे बरं. शिक्क्यातली अक्षरं, समासातली नोंद, सगळं उतरवायचं. हस्ताक्षरातला १ आणि ९ नीट बघा, जुन्या टाकाच्या अक्षरात ते जुळ्यासारखे दिसतात. आणि ‘कु.’, ‘चि.’, ‘सौ.’ ही नावं नाहीत. माझ्या एका मैत्रिणीच्या कागदात भाषांतरकाराने ‘कु.’चं कुमारी करून ते पहिल्या नावाच्या जागी बसवलं होतं.

नाव एक, रूपं अनेक

आपलं नाव तिहेरी. स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात जातं, म्हणून अमेरिकेत काही कागदांवर वडिलांचं नाव तुमच्या पहिल्या नावाचा भाग होतं आणि काहींवर मधलं नाव. वडील दाखल्यावर शंकर आणि पासपोर्टवर शंकरराव, आई एकीकडे सुमन आणि एकीकडे सुमनबाई. इंग्रजी स्पेलिंगात ‘व’ कुठे व्हीने, कुठे डब्ल्यूने; दीर्घ ‘ई’ कुठे दोन ईने, कुठे आयने. आपल्याला हे डोळ्यांनाही दिसत नाही इतकं अंगवळणी पडलेलं असतं. नेब्रास्का किंवा टेक्सासच्या सेंटरमध्ये फाइल उघडणाऱ्याला मात्र ही वेगवेगळी माणसं दिसतात.

बायकांचं आणखी कठीण. लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलतं, आणि तांदळात नवं नाव लिहिलं गेलं असेल तर पहिलंही. म्हणजे पदवी एका बाईची आणि पासपोर्ट पूर्णपणे दुसऱ्या बाईचा. अशा वेळी राजपत्रातली नावबदलाची नोंद सगळ्यात भक्कम. ती नसेल तर विवाह प्रमाणपत्र आणि ‘ही दोन्ही नावं माझीच’ असं प्रतिज्ञापत्र. अर्जात ‘आधी वापरलेली नावं’ असा रकाना असतो, त्यात माहेरचं नाव, स्पेलिंगचे सगळे प्रकार, सगळं लिहायचं. हा रकाना भरताना कंजूषपणा नको.

लग्नपत्रिका आणि फोटो म्हणजे विवाहाचा पुरावा नव्हे, ते जोडीला चालतात. महाराष्ट्रात १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महापालिका, नगरपालिका किंवा ग्रामपंचायतीत नोंद होते, त्याला तीन साक्षीदार लागतात. लग्नाला पंधरा वर्षं झाली आणि नोंदच केली नाही अशी जोडपी आहेत. उशिरा नोंद करता येते, पण दोघांनाही जावं लागतं, म्हणून पुढच्या सुट्टीतल्या भारतवारीत एक दिवस त्यासाठी राखून ठेवा.

गावाचं नावही बदलतं. पासपोर्टवर औरंगाबाद, नव्या दाखल्यावर छत्रपती संभाजीनगर. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं. जन्म ठाणे जिल्ह्यातला आणि गाव २०१४ पासून पालघर जिल्ह्यात. यात काही चूक नाही, पण फाइलमध्ये एका ओळीची टीप घाला.

बाकीचे

आय-४८५ बरोबर अमेरिकेतल्या तुमच्या मुक्कामाचा हिशोब द्यावा लागतो: प्रत्येक आय-७९७ मंजुरी नोटीस, ताजी आय-९४ (अमेरिकेत प्रवेशाची नोंद), सध्याचा आणि जुने पासपोर्ट, व्हिसाचं पान, अलीकडच्या पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा आणि कराचा दाखला). मुदत संपलेला पासपोर्ट टाकून देऊ नका, त्यातले शिक्के हाच तुमच्या येण्याजाण्याचा पुरावा. शेवटच्या प्रवेशानंतर स्टेटसमध्ये काही खंड पडला असेल तर तो एकूण १८० दिवसांच्या आत असल्यास नोकरीच्या वाटेने येणाऱ्यांना त्यातून सूट मिळू शकते. म्हणून वकिलापासून तो लपवू नका. नोकरी अजून आहे हे सांगणारा ‘सप्लिमेंट जे’ नावाचा फॉर्म कंपनी सही करून देते.

वैद्यकीय तपासणीचा आय-६९३ खात्याने नेमलेल्या सिव्हिल सर्जनकडूनच करायचा. २ डिसेंबर २०२४ पासून तो अर्जासोबतच द्यावा लागतो. डॉक्टर बंद पाकीट देतात, ते उघडायचं नाही. स्वतःसाठी वेगळी प्रत मागून घ्या. लहानपणीची लसीकरणाची नोंद सापडली तर काही इंजेक्शनं वाचतात. क्षयाची तपासणी रक्तातून होते, त्यामुळे दंडावरच्या बीसीजीच्या वणाचा तिला अडथळा येत नाही.

मुलं २१ च्या जवळ असतील, म्हणजे आई-वडिलांसोबत ‘मूल’ म्हणून अर्ज करण्याचं वय संपत आलं असेल, तर आय-१४० किती दिवस प्रलंबित होता तो आकडा जपून ठेवा. मुलाच्या वयातून तेवढे दिवस वजा होतात आणि कधीकधी त्या काही आठवड्यांवर सगळं अवलंबून असतं. आय-१४० दाखल झाल्याची पावती आणि मंजुरीची नोटीस, दोन्हीच्या तारखा त्यासाठी लागतात.

फॉर्मची आवृत्ती आणि फी बदलत राहते. पाठवण्याच्या आठवड्यात खात्याच्या संकेतस्थळावर ती पुन्हा बघायची, वकील असला तरीही.

अर्जासोबत प्रती जातात. मूळ कागद तुमच्याकडे राहतात आणि मुलाखतीला बोलावलं तर ते न्यावे लागतात. गावाकडचा मूळ दाखला कुणाबरोबर मागवत असाल तर तो प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घालून केबिन बॅगेत आणायला सांगा, चेक-इन केलेल्या सामानात नको. आणि तिकडून निघायच्या आधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून पाठवायला सांगा. माझ्या दाखल्याच्या मागच्या बाजूला नोंदवहीचा पान क्रमांक पेन्सिलीने लिहिलेला होता, आणि त्याच वर्षी धाकट्या मामेबहिणीचा दाखला काढायला तोच कामी आला.